अंककोडी सोडवून माणूस शहाणा होतो का?

खोडरबर

सुडोकूने बुद्धी तल्लख होते, म्हातारपणी विसरायला होत नाही, वगैरे जाहिराती जरा बाजूला ठेवू. रोज सकाळी चहाबरोबर पेपरातलं सुडोकू सोडवणारी आणि तरीही चष्मा कुठे ठेवला ते शोधत फिरणारी मंडळी घरोघरी आहेत. माझा मुद्दा त्याहून लहान आहे. आकड्यांच्या कोड्यांनी मला एकच गोष्ट नीट शिकवली: ‘इथे सात असू शकतो’ आणि ‘इथे सातच असला पाहिजे’ यात फरक आहे.

ऐकायला हे फारच साधं वाटतं. सुडोकूत मात्र ते निर्दयपणे कळतं. एका ओळीत सातासाठी दोन घरं मोकळी आहेत, त्यातलं एक उगाचच बरं वाटतं, आपण लिहून टाकतो. पुढची पंधरा-वीस घरं भराभर भरत जातात. मग खालच्या कोपऱ्यात एकाच स्तंभात ४ हा आकडा दोनदा येतो. आता चूक शोधायची कुठे? तो सात काही हात वर करत नाही. त्याच्या भरवशावर भरलेल्या सगळ्या घरांचं त्याच्याशी छानच जमत असतं.

माझं काम हिशेबाचं, एका पतसंस्थेत. तेरीज, म्हणजे जमा आणि नावे या दोन बाजूंच्या बेरजांचा तक्ता, जुळली नाही की तिथेही हाच खेळ. जुन्या हिशेबनिसांचे दोन ठोकताळे आहेत. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर अंकांची अदलाबदल शोधा: ५४०० च्या जागी ४५०० पडले की फरक ९००, ८३ चे ३८ झाले की ४५. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरक नेहमी नऊच्याच पटीत येतो. दुसरा ठोकताळा: फरकाच्या निम्मी रक्कम शोधा, कारण जमेची रक्कम नावे पडली तर फरक दुप्पट दिसतो. दोन्ही उत्तम आहेत आणि दोन्ही ‘असू शकेल’ या जातीचे आहेत. ९०० चा फरक म्हणजे अदलाबदल असू शकते, ४५० ची रक्कम उलट्या बाजूला पडलेली असू शकते, किंवा कुणीतरी ९०० ची एक पावती खतावणीत (खातेवार वहीत) घ्यायचीच विसरलेला असू शकतो. नवीन मुलं नऊचा भाग गेला की सापडलं म्हणून नाचतात आणि ४५०० ची जी पहिली नोंद दिसेल तिचे ५४०० करून मोकळी होतात. तेरीज जुळते! फक्त आता कीर्दीत (रोजच्या नोंदवहीत) एकाच्या दोन चुका झालेल्या असतात, आणि जुळलेली तेरीज परत कोण तपासतो?

कार्यालयाबाहेर मला हे जास्त उपयोगी पडलं. ‘तिने फोन उचलला नाही म्हणजे ती रागावली आहे’ हा त्या मोकळ्या घरात लिहिलेला सात आहे. त्यावर आपण दोन दिवसांचं वागणं रचतो आणि ते सगळं एकमेकांशी जुळतंही.

तुमचे अनुभव सांगा. की मी उगाच तत्त्वज्ञान झाडतोय?

निळी_शाई

झाडताय थोडं. :-)

मी पेनने सोडवते आणि अंदाजही करते. अंदाज म्हणजे पाप नव्हे. स्पर्धेत खेळणारे लोक घड्याळ डोक्यावर असताना सरळ दोन फांद्या करतात. या घरात तीन किंवा आठ, तर तीन धरून पुढे जाऊ, अडकलो तर आठ. २००८ ची जागतिक सुडोकू स्पर्धा आपल्या गोव्यात झाली होती. ‘सिद्ध झाल्याशिवाय लिहिणार नाही’ असा बाणा घेऊन कुणी तिथे बसलं असतं तर कागद अर्धा कोरा द्यावा लागला असता. फक्त फांदी कुठे फुटली तिथे खूण करून ठेवायची. तुमच्या उदाहरणातला दोष अंदाजाचा नाही. अंदाज केला होता हे नंतर विसरलं गेलं, हा आहे.

आणि मोठी माणसंही अंदाजानेच चालतात. १९१४ साली केंब्रिजमध्ये महालनोबिसांनी (पुढे मोठे संख्याशास्त्रज्ञ झाले ते) गणितज्ञ रामानुजनला ‘स्ट्रँड’ मासिकातलं एक कोडं वाचून दाखवलं. रस्त्याच्या एकाच बाजूला १, २, ३ अशा क्रमांकांची घरं. एका घराच्या अलीकडच्या सगळ्या क्रमांकांची बेरीज आणि पलीकडच्यांची बेरीज सारखी. घरं पन्नासपेक्षा जास्त, पाचशेपेक्षा कमी. ते घर कुठलं? महालनोबिसांनी थोड्या खटपटीने एक उत्तर काढलं होतं. रामानुजन शेगडीवर भाजी परतत होता. परतता परतताच त्याने अशी सगळी उत्तरं एकामागून एक देणारी अपूर्णांकांची साखळी सांगितली. कसं सुचलं विचारल्यावर म्हणाला, कोडं ऐकल्यावर उत्तर साखळीच्या रूपात असणार हे दिसलं, कुठली साखळी असं स्वतःला विचारलं, आणि ती मनात आली. आता सांगा, ‘असलाच पाहिजे’ कुठे आहे यात?

खोडरबर

फांदीवर खूण करायची हा मुद्दा एकदम मान्य. माझ्या म्हणण्यापेक्षा चांगला आहे.

रामानुजनबद्दल एवढंच, की उत्तर सुचलं कसंही असो, ते तपासता येतं. घरं २८८, क्रमांक २०४. १ ते २०३ ची बेरीज २०,७०६ आणि २०५ ते २८८ चीही २०,७०६. भाजी न परतताही हे कुणालाही करून बघता येईल. तसं सुचणं आपल्या नशिबी नाही, निदान पडताळा तरी घेऊ.

औटकी

गाडी रुळावर आहे तोवर एक विरोधी मत नोंदवतो.

सुडोकूतून आयुष्यासाठी काही शिकता येतं या कल्पनेतच मला गडबड वाटते. कोड्याला उत्तर आहे आणि ते एकच आहे, हे तुम्हाला पहिलं घर भरायच्या आधीच माहीत असतं. ही हमी कोडं रचणाऱ्याने दिलेली आहे. जपानमध्ये निकोली या कोड्यांच्या प्रकाशनाची माणसं हाताने कोडी रचतात. हाँगकाँगमधून निवृत्त झालेले न्यायाधीश वेन गूल्ड यांनी संगणकाकडून रचून घेतली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ला दिली, तिथून जगभर साथ पसरली. पद्धत कुठलीही असो, एकच उत्तर निघतं हे आधी तपासलेलं असतं. मुरलेले खेळाडू तर या हमीचाच पुरावा म्हणून वापर करतात. चार घरांच्या चौकोनात दोनच आकडे आलटून पालटून बसत असतील तर कोड्याची दोन उत्तरं होतील. तसं होणार नाही अशी हमी आहे. म्हणून चौथ्या घरात तिसराच आकडा हवा. विचार करा, हा निष्कर्ष कोड्यातून निघालेला नाही. तो रचणाऱ्याच्या प्रामाणिकपणातून निघाला आहे.

ही हमी किती नाजूक असते तेही बघा. डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांच्या गटाने २०१२ मध्ये संगणकावर पिंजून काढून दाखवलं की १६ आकडे दिलेल्या कुठल्याही सुडोकूला एकमेव उत्तर असूच शकत नाही. किमान १७ लागतात. म्हणजे सोळा दिलेले असतील तर तुम्ही कितीही हुशार असा, ‘इथे सातच’ हे प्रत्येक घराबद्दल कधीच म्हणता येणार नाही. नोकरी बदलावी का, आईला गावाहून शहरात आणावं का, यात कुणी सतरा आकडे मोजून दिलेत का आपल्याला?

भालचंद्र_पेठ

औटकीशेठ, काही लोकांचा रचणाऱ्यावर पूर्ण विश्वास असतो, ते रोज संध्याकाळी आरती करतात. ;-)

औटकी

हा हा. तो धागा वेगळा काढा, हजार प्रतिसाद पक्के.

डहाणू_लोकल

अजून कापरेकरांचं नाव निघालं नाही याचं आश्चर्य वाटलं. आमच्या डहाणूत जन्मलेला माणूस (१७ जानेवारी १९०५), म्हणून थोडं लांबण लावतो.

कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. २०२५ घेऊ.

५२२० − ०२२५ = ४९९५
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४, आणि तिथेच मुक्काम. सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते, १९६२ मध्ये निवृत्त झाले, पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ही ६१७४ ची गंमत मांडली. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा बाहेरच्या जगात नाव झालं. तोवर ते सत्तरीत पोचले होते.

मी यातून काय घेतलं? मास्तर पगारासाठी शाळेत जायचे आणि आनंदासाठी आकड्यांकडे. कुणी विचारो न विचारो. स्वतः म्हणायचे की दारुड्याला जशी ती धुंदी सुटू नये असं वाटतं, तसं माझं आकड्यांच्या बाबतीत आहे. आमच्या पिढीला प्रत्येक छंदाचा ‘उपयोग’ सांगावा लागतो, मुलाला बुद्धिबळाला घातलं तरी एकाग्रता वाढते म्हणून. नुसतं आवडतं म्हणून केलं असं सांगायला लाज का वाटावी?

निळी_शाई

+१. शेवटच्या परिच्छेदासाठी आणखी +१.

औटकी

कापरेकरांबद्दल आदर आहेच. पण ६१७४ ची पुढची गोष्ट क्वचित सांगितली जाते म्हणून लिहितो. तीन अंकी संख्यांत तोच खेळ ४९५ वर थांबतो. मग वाटतं, पाच अंकींचाही एक आकडा असणार. नाही! पाच अंकी संख्या कुठल्याही एका आकड्यावर थांबत नाहीत, तीनपैकी एका चक्रात सापडून गोल गोल फिरत राहतात. त्यातलं एक तर दोघांचंच आहे, ५३९५५ आणि ५९९९४, एकाकडून दुसऱ्याकडे आणि परत. दोन अंकींचंही तसंच: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९. तीनला चाललं, चारला चाललं, म्हणून पाचला चालेल, हा निष्कर्ष कोसळला.

आणि याच जातीचा दुसरा खेळ: संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. पुन्हा पुन्हा. २७ पासून सुरुवात केली तर ती ९२३२ पर्यंत चढते आणि १११ पायऱ्यांनी १ वर येते. प्रत्येक संख्या शेवटी १ वर येते का? लोथार कोलाट्झ यांनी १९३७ मध्ये हे मांडलं असं मानतात. आजपर्यंत सिद्धही झालेलं नाही, खोटंही ठरलेलं नाही. म्हणून म्हणतो, एकाच कृतीची पुनरावृत्ती एका कोड्यात सात पायऱ्यांत घरी नेते आणि दुसऱ्यात मोठमोठ्यांना वाटेत सोडून देते. बाहेरून दोन्ही कोडी सारखीच दिसतात. पाचवीतल्या मुलाला कळतील इतकी सोपी.

खडू_फळा

औटकी सरांच्या ‘तीनला चाललं, चारला चाललं’वरून. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत संख्यामालिका असतात, ‘पुढील संख्या ओळखा’. १, २, ४, ८, १६, ? मुलं ३२ म्हणतात, उत्तरपत्रिकाही ३२ म्हणते.

आता वर्तुळावर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू प्रत्येकाशी रेषेने जोडा, तीन रेषा एकाच ठिकाणी छेदणार नाहीत अशा बेताने. वर्तुळाचे किती तुकडे होतात? एका बिंदूला १, दोनला २, तीनला ४, चारला ८, पाचला १६. सहाला? ३१. मी हे सातवीच्या मुलांकडून फळ्यावर मोजून घेतो. पहिल्यांदा ३१ आले की वर्ग म्हणतो, सर एक तुकडा राहिला. परत मोजतात. ३१ च. मग एखादी मुलगी रेषा सरकवून बघते की कुठेतरी बारीक तुकडा दडलाय का. तो तास मला फार आवडतो.

पण परीक्षेत ३२ च लिहा असं बजावतो. हेही एक शिक्षणच म्हणायचं: प्रश्न कोण विचारतंय ते बघून उत्तर द्यायचं. खोडरबर यांचं ‘असू शकेल’ आणि ‘असलाच पाहिजे’ मुलांना तोंडी सांगून पटत नाही. तो न सापडलेला बत्तिसावा तुकडा पटवतो.

खोडरबर

सर, हा प्रतिसाद वाचून धागा काढल्याचं सार्थक झालं. रविवारी भाच्याला कंपास घेऊन बसवतो.

कोकम_सरबत

तुम्ही सगळे फार शिकलेले बाबा. आमच्याकडे कोडी तोंडी असायची. माझ्या सासूबाई पापड लाटता लाटता घालायच्या. पाखरांचा थवा चाललेला असतो. झाडावरचं एक पाखरू विचारतं, तुम्ही शंभर का गं? तर म्हणतात, नाही. आम्ही, आमच्याएवढेच आणखी, आमच्या निम्मे, आमच्या पाव आणि तू, असे मिळून शंभर. तर थव्यात किती?

मी शाळेत शिकल्याप्रमाणे क्ष धरायला जायची. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, पण पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ. त्या म्हणायच्या, पाव धर. पाव म्हणजे एक वाटा. थवा म्हणजे चार वाटे, आणखी तेवढेच चार, निम्मे दोन, पाव एक, झाले अकरा. तू सोडून नव्याण्णव. अकरा नव्वे नव्याण्णव. पाव नऊ, तर थवा छत्तीस. पापड सुद्धा थांबायचा नाही.

सगळ्यात लहान हिश्शापासून मोजायला घ्यायचं, हे मी त्यांच्याकडून उचललं. लग्नकार्यात लाडू किती वळायचे, तिघी जावांत पावसाळ्याआधीच्या कौलांचा खर्च कसा वाटायचा, सगळीकडे चालतं. मोठ्या आकड्याकडे बघून धाप लागते, लहान वाटा धरला की हाताशी येतं.

वकीलसाहेब_नाशिक

काकू, वाटण्यांचा विषय काढलात म्हणून आलो. व्हॉट्सॅपवर सतरा उंटांची गोष्ट सगळ्यांना किमान दहादा आली असेल. बाप मरताना सांगतो, थोरल्याला निम्मे, मधल्याला एक तृतीयांश, धाकट्याला एक नवमांश. उंट सतरा. भाऊ भांडतात. शहाणा माणूस आपला एक उंट देतो, अठरा होतात, नऊ, सहा आणि दोन वाटले की सतरा, आणि तो आपला उंट घेऊन निघून जातो. खाली ठरलेलं वाक्य: तुम्हीही कुणाच्या तरी आयुष्यातला अठरावा उंट बना.

मला या गोष्टीचा मनस्वी राग आहे. निम्मे अधिक तृतीयांश अधिक नवमांश यांची बेरीज एक होतच नाही, सतरा अठरांश होते. म्हणजे बापाने एक अठरांश मालमत्ता कुणालाच दिलेली नाही! शहाण्या माणसाने तो न वाटलेला हिस्सा गुपचूप तिघांत त्याच प्रमाणात वाटून टाकला. थोरल्याच्या वाट्याला साडेआठ यायचे, मिळाले नऊ. मधल्याला पाच आणि दोन तृतीयांश, मिळाले सहा. धाकट्याला पावणेदोनच्या पुढे थोडं, मिळाले दोन. तिघेही खूश, कारण तिघांनाही हक्कापेक्षा जास्त मिळालं. उंटाच्या औदार्याचा संबंध नाही. मृत्युपत्र चुकीचं होतं.

आमच्याकडे अशी मृत्युपत्रं खरोखर येतात. हिश्श्यांची बेरीज पूर्ण होत नाही, किंवा एखादा प्लॉट लिहायचाच राहून जातो. कायद्याने तो न वाटलेला भाग मृत्युपत्राबाहेर धरतात आणि वारसाहक्काप्रमाणे सगळ्या वारसांत जातो. म्हणजे गोष्टीत एखादी मुलगी असती तर तिला त्या एक अठरांशात वाटा मिळाला असता, आणि उंट आणणाऱ्या शहाण्याने तिचा हक्क हसत हसत बुडवला असता. कुणी मृत्युपत्र लिहीत असाल तर आधी हिश्श्यांची बेरीज करा. आणि ‘उरलेलं सगळं अमुकला’ असं एक वाक्य घाला.

भालचंद्र_पेठ

आयुष्यभर तो उंट फॉरवर्ड करत आलो. आता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं उत्तर टाकतो, नाव न घेता.

निळी_शाई

मुलीचा मुद्दा जबरदस्त. गोष्ट ऐकताना ‘तीन मुलगे’ हे आपण दिलेलं घर समजून चालतो.

औटकी, तुमच्या सोळा आकड्यांवर मला अजून बोलायचंय. सोळा दिलेल्या कोड्याची एकाहून जास्त उत्तरं असतील, ठीक. पण त्यातलंही कुठलं तरी एक पूर्ण भरता येतंच ना? आणि ओळीत दोन सात आले तर ते तेव्हाही चूकच. ‘एकच बरोबर नाही’ म्हणजे ‘काहीही चालेल’ असं नाही होत. आईला शहरात आणणं आणि न आणणं ही दोन्ही उत्तरं बसू शकतील, पण आणायचं आणि घरात कुणाला वेळ नाही, हे बसत नाही.

औटकी

हे मान्य करायला हवं. काही घरं सगळ्याच उत्तरांत सारखी येतात, तेवढी तरी शाईने भरता येतील. बाकीची पेन्सिलीने ठेवू. आईचं उदाहरण सहज दिलं नव्हतं, घरात सध्या तेच चाललंय. बहिणीशी बोलतो.

कोकम_सरबत

बोला हो. आणि आईंनाही विचारा, त्यांचं घर कुणी भरलंय का ते.

बरं, जाता जाता सासूबाईंचं आणखी एक. चाळीस शेराचा दगड पडून फुटला, चार तुकडे झाले. त्या चार तुकड्यांनी एक ते चाळीस शेरापर्यंत कुठलंही पुरं वजन करता येतं. तुकडे किती किती शेराचे?

खडू_फळा

१, ३, ९, २७. दोन शेर हवे असतील तर एका पारड्यात ३, दुसऱ्यात मालाबरोबर १.

वकीलसाहेब_नाशिक

बरोबर. आता यावरून ‘तुटलात तरी उपयोगी पडा’ असा फॉरवर्ड कुणी बनवला तर नोटीस पाठवीन.

डहाणू_लोकल

पण मालाच्या पारड्यात वजन ठेवायचं नाही अशी अट घातली तर चार तुकडे पुरणार नाहीत. मग सहा लागतील: १, २, ४, ८, १६ आणि उरलेला ९ चा.